पत्रवाहक आपला माणूस आहे

अल कुसैस,
दुबई, ४ ऑगस्ट १९९६

ती. ताईस,

दोन वर्षांनी लिहितेय, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार घालायलाच हवा. घातला असं समज. इथल्या फरशीला ऑगस्टात कपाळ टेकवलं तर भाजी परतल्यासारखा आवाज येईल.

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र आधी फ्रिजवर ठेवलं असशील, दोन दिवसांनी उघडलं असशील, आणि उघडताना म्हणाली असशील, "काय हवंय आता हिला?" बरोबर ओळखलंस. हवंच आहे.

पण आधी खुशाली. ह्यांचं मजूर पुरवण्याचं, मॅनपावरचं ऑफिस छान चाललंय. आपल्या तालुक्यातली अकरा मुलं इकडे आहेत. दोन वर्षं झाली त्यांना. त्यांची राहण्याजेवण्याची व्यवस्था उम्म अल कुवैनला अगदी यथायोग्य आहे. पगारपाणी यथायोग्य. मुक्ता दुसरीत गेली. मी मराठीत विचारते, "जेवलीस का गं?" आणि ती म्हणते, "मम्मा, आय एम नॉट हंग्री." आबा असते तर त्यांनी तिला कोपऱ्यात उभं केलं असतं. माझी तब्येत यथायोग्य.

आता काम. आबांची उरलेली लेटरपॅडं तुझ्याकडच्या काळ्या ट्रंकेत आहेत, वर राजमुद्रा आणि खाली 'रामचंद्रराव, पाटबंधारे मंत्री' छापलेली. ती ह्यांना हवी आहेत, आठवण म्हणून. पोस्टाने पाठव. इथे घरी पोस्टमन येत नाही, ऑफिसच्या पोस्टबॉक्सचा नंबर मागे लिहिलाय. हे स्वतः पत्रं आणतात आणि स्वतःच टाकतात. हे पत्रसुद्धा वाचून मगच बंद करणार आहेत. म्हणाले, "ताईंना माझाही नमस्कार लिही." लिहिला.

तुझी,
समिधा


अल कुसैस,
१८ सप्टेंबर १९९६

ताई,

हे पत्र मुंबईच्या शिक्क्याचं असेल. शेजारच्या खैरुन्निसाची नणंद दापोलीला चाललीय, ती मुंबईत उतरल्यावर टाकेल. धनंजयला ह्याचा पत्ता नाही. तेव्हा आता 'हे' आणि 'ह्यांनी' नको. तो.

पहिलं पत्र तुला कळलंच असेल. तीनदा लिहिलं होतं मी, यथायोग्य.

तुला आठवतंय ना गं, आपण दोघी नाती आबांच्या दोन बाजूंना चिठ्ठ्या लिहायला बसायचो. दारात रोज पन्नास माणसं. आबांनी आयुष्यात कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नाही. प्रत्येकाला चिठ्ठी. 'पत्रवाहक आपला माणूस आहे.' माणूस चिठ्ठी डोक्याला लावून जायचा. पण खाली 'काम अगत्याने करावे' असलं तरच साहेब लोक काम करायचे. 'यथायोग्य करावे' असलं की कागद टोपलीत. आबा, त्यांचे पीए उपेंद्रकाका, चार-दोन अधिकारी, आणि आपण दोघी, एवढ्यांनाच ते माहीत. ज्याच्या हातात चिठ्ठी असायची त्याला कधीच माहीत नसायचं. धनंजयच्या वडिलांना आबांनी दिलेली चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती, यथायोग्यवाली. ते तीन वर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या चढले. धनंजय अजून हसत सांगतो, "आमच्या बाबांचं नशीबच खोटं." तो मला मागणी घालायला आला तेव्हाही मी हे बोलले नाही. पुढेही कधी बोलायचं धाडस झालं नाही.

आबांच्या वर्षश्राद्धाला तू मला म्हणालीस, "आबांचं अक्षर विकलंस तू." मी तुला कैदाशीण म्हणाले. ताई, तू खरं बोलली होतीस. आबांचा हात कापायला लागल्यापासून सहीसुद्धा मीच करायचे. ते गेल्यावर धनंजय म्हणाला, पोरांना विश्वास वाटेल असं काहीतरी हवं. 'साहेबांनी जाण्यापूर्वी तालुक्यातल्या पोरांसाठी चिठ्ठ्या लिहून ठेवल्यात, दुबईत त्यांची नात आहे, काळजी नाही.' अकरा चिठ्ठ्या. मागची तारीख टाकून. सगळ्या मी लिहिल्या, जेवणाच्या टेबलावर बसून, एका दुपारी. अकराही चिठ्ठ्यांत 'यथायोग्य व्यवस्था करावी' लिहिलं.

मी स्वतःची समजूत घातली होती, की कुणीतरी उपेंद्रकाकांना विचारायला जाईल, ते शब्द ओळखतील आणि पोरांना थांबवतील. उपेंद्रकाका त्याच्या आदल्या वर्षीच वारले होते. मी त्यांच्या बायकोला सांत्वनाचं पत्रही पाठवलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. बघ, लिहिताना सुद्धा आधी गोल गोल फिरले.

परवा गणपती होते. मी मोदक केले आणि हट्टाने म्हटलं, पोरांना द्यायला मीच जाणार. धनंजय साइटवर जबल अलीला होता. खैरुन्निसाच्या नवऱ्याने, अहमदभाईंनी, गाडीतून नेलं. दोन वर्षांत मी उम्म अल कुवैनला पाऊल टाकलं नव्हतं. कॅम्प असेल असं वाटलं होतं. पत्र्याचं गोडाऊन आहे गं. वर पत्रा, बाजूला पत्रा, एक पंखा. बाहेरून कडी आहे. कडी बाहेरून का, असं मी विचारलं तर सगळे खाली बघायला लागले.

व्हिसा संपून आठ महिने झाले. धनंजयने नवीन काढलाच नाही. स्पॉन्सरकडे फाइल आहे, इन्शाल्ला होईल, असं सांगतो. संजय नावाचा मुलगा आहे, आपल्या शाळेच्या शिपायाचा नातू. जूनमध्ये परांचीवरून पडला. कागद नाहीत म्हणून दवाखान्यात नेला नाही. पाय लाकडाच्या फळीला बांधलाय आणि वास येतोय. मी मोदकाचा डबा हातात धरून उभी. तोच मला म्हणाला, "बसा ताईसाहेब, खाली बारदान टाकलंय."

आणि गणपती. एका खोक्यावर कागदाचा गणपती आणि त्याच्या शेजारी प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली चिठ्ठी. हळदकुंकू लावलेली. अकराच्या अकरा ओळीने. दगडू म्हणून त्यांच्यातला मोठा आहे, चाळिशीचा, तो म्हणाला, "सायबांचा कागद हाय ना ताईसाहेब, मग काय भ्या हाय? रोज हात जोडतो." माझ्या हाताचं अक्षर, माझा 'यथायोग्य', त्यावर जास्वंदीचं कागदी फूल. मला तिथे ओकारी आली. पोरांना वाटलं, ऊन लागलं.

आता नीट ऐक. इथल्या सरकारने माफी जाहीर केलीय. व्हिसा संपलेल्यांनी पासपोर्ट घेऊन जायचं, दंड नाही, तुरुंग नाही, सरळ घरी. एकतीस ऑक्टोबरला खलास. त्यानंतर पकडले तर जेल. पासपोर्ट आमच्या बेडरूममधल्या लोखंडी कपाटात आहेत. अकरा त्यांचे, बारावा माझा, तेरावा मुक्ताचा. किल्ली धनंजयच्या कमरेला. अंघोळीला जातानाही बरोबर नेतो.

मी त्याला म्हणाले, जाऊ दे ना त्यांना. ओरडला नाही तो. तो कधीच ओरडत नाही. चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "माझी साइट मार्चपर्यंत आहे. आणि समिधा, पोलिसांत कुणी गेलंच, तर चिठ्ठ्यांवरचं अक्षर तुझं आहे. मेलेल्या मंत्र्याची खोटी सही. मुक्ताची शाळा छान चाललीय ना?" आणि बिस्किट तोंडात टाकलं.

तो इथे असेपर्यंत कपाट उघडणं शक्य नाही. त्याला इथून हलवायचा एकच मार्ग दिसतो. नवीन वीस पोरं आणायचीत त्याला, त्यासाठीच लेटरपॅडं हवीत. तू त्याला लिही, की पॅडं आहेत, पण मी पोस्टाने देणार नाही, जावयाने स्वतः येऊन न्यावीत. ऑक्टोबरच्या शेवटी. मला लिहू नकोस. माझ्यावरचा राग तसाच ठेव, त्यात खोट काढायला जागा नाही. पण एवढं कर.

समिधा


अल कुसैस,
११ ऑक्टोबर १९९६

ताई,

हेही पत्र खैरुन्निसाच्या माणसाहातीच पाठवतेय. तुझं पत्र आलं. धनंजयने मोठ्याने वाचून दाखवलं. मला एका ओळीचा निरोप नाही, त्याला मात्र 'श्री. धनंजयराव'. 'आबांच्या वस्तू मी टपालाच्या हवाली करणार नाही. न्यायच्या असतील तर अगत्याने यावे.'

अगत्याने! मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. दोन वर्षांत तू मला एवढंच बोललीस आणि ते पुरलं गं बाई.

तो म्हणाला, "तुझी बहीण मोठी तोऱ्याची. पण नाव घराण्याचं आहे, चालवून घ्यायला हवं." पंचवीस तारखेचं तिकीट काढलंय त्याने. दोन तारखेला परत. मी तोंड वाकडं करून म्हटलं, "तिच्या दारात कशाला जायचं?" म्हणजे त्याला आणखी जोर चढला.

अहमदभाईंचं इथेच इंडस्ट्रियल एरियात गॅरेज आहे. त्यांनी कपाट बघून घेतलंय, एसी दुरुस्तीच्या निमित्ताने. म्हणाले, ग्राइंडर लावला की दहा मिनिटांचं काम. मी विचारलं, तुम्हाला काही झालं तर? खैरुन्निसा मध्येच म्हणाली, "कशाला रडतंस गो? ती पोरां आपल्या मुलखातली. अल्ला बघतो वरून." तिकिटांसाठी आईच्या पाटल्या दिल्या. बाकीचं अहमदभाईंनी त्यांच्या जमातीतून उभं केलं. आबांच्या नावाने इथे एक पैसा मागितला नाही, हे तुला मुद्दाम सांगते.

ठरलंय ते असं. पोरं गेली की त्यांच्या मागच्या विमानाने मी आणि मुक्ता. मुक्ताला सांगितलं, मावशीकडे जायचंय. म्हणाली, "डज शी हॅव केबल?" केबल घेऊन ठेव बाई.

एक सांगायचं होतं. धनंजयने गेल्या आठवड्यापासून फोनला कुलूप लावलंय. विचारलं तर म्हणाला, बिल फार येतं. आणि काल मुक्ताला मांडीवर घेऊन विचारत होता, "बेटा, खैरुन्निसा आंटीकडे मम्मा काय काय बोलते?" मुक्ता म्हणाली, "आय डोन्ट नो, दे टॉक इन मराठी." तो हसला. मीही हसले. हातातली कढई मात्र मी खाली ठेवली.

समिधा


अल कुसैस,
२४ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. ताईस सप्रेम नमस्कार.

पत्रवाहक श्री. धनंजय आपलेच आहेत. आबांची लेटरपॅडं त्यांच्या हवाली यथायोग्य करावीत. ते तालुक्यातल्या मुलांना भेटणार आहेत, त्या कामीही त्यांना यथायोग्य साहाय्य व्हावे.

जावई प्रथमच दारी येत आहेत, तरी पाहुणचार अगत्याने करावा. एकतीस तारखेपर्यंत तरी अगत्याने ठेवून घ्यावे, सोडू नये.

आम्ही दोघी यथायोग्य आहोत.

समिधा

(हे पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "वा, अगदी आबासाहेबांसारखं लिहितेस." घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवणार आहेत.)


अल कुसैस,
२९ ऑक्टोबर १९९६

ताई,

हे पत्र दगडू आणतोय. ते घेऊन तो तुझ्या दारात उभा राहील, तेव्हा कदाचित धनंजय तुझ्याच खुर्चीत बसून चहा पीत असेल. म्हणून दगडूला बजावलंय, पुढे चपला दिसल्या तर मागच्या दाराने जा, आणि ताईंच्याच हातात दे. तू वाच, आणि चेहरा सांभाळ.

काल दुपारी कपाट कापलं. मुक्ता शाळेत होती. ठिणग्या पलंगावर उडत होत्या, खैरुन्निसा ओल्या चादरीने विझवत होती. अहमदभाई म्हणाले, "यल्ला, दार ओढा." ओढलं. वरच्या खणात त्याच्या फायली. खालच्या खणात रबरबँड लावलेला गठ्ठा. मी जमिनीवर बसून मोजला. अकरा. पुन्हा मोजला. खण बाहेर काढला, फायली झटकल्या, कपाटाच्या मागे हात घातला. अकराच.

माझा आणि मुक्ताचा तो बरोबर घेऊन गेलाय. आतल्या खिशात, माझ्या चिठ्ठीच्या शेजारी असतील. म्हणजे त्याला संशय होता की फक्त सवय होती, ते मला कळत नाही. खैरुन्निसा रडायला लागली. मी तिला म्हटलं, "आधी पोरांचं बघू." माझा आवाज आबांसारखा निघाला. मलाच हसू आलं.

पोरांना काल संध्याकाळी गोडाऊनमधून काढलं. बाहेरच्या कडीला कुलूपसुद्धा नव्हतं. नुसती कडी, एका धक्क्याने निघेल अशी. दोन वर्षं साहेबांच्या नातीच्या घरचा शब्द मोडायचा नाही म्हणून आतून कुणी ढकलली नाही. आज सकाळी माफीच्या कार्यालयात सगळे पासपोर्ट शिक्के मारून मिळाले. संजयला खुर्चीवरून उचलून नेला, ऑफिसरने त्याचा पाय बघितला आणि रांग सोडून पुढे घेतलं. मुंबईत उतरला की सरळ इस्पितळ. पाय राहील की नाही, डॉक्टर सांगतील. त्याच्या आजोबांकडे तू जा. मी काय तोंडाने लिहू?

दगडू मघाशी निरोप घ्यायला आला. मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. ह्या चिठ्ठ्या आबांच्या नाहीत. मी लिहिल्या. सही खोटी. आणि 'यथायोग्य' म्हणजे काय तेही. टोपली, सगळं. मला वाटलं, थुंकेल. थुंकला असता तर बरं झालं असतं.

त्याने खिशातून प्लॅस्टिकमधला कागद काढला. मग म्हणाला, "माझ्या बापाकडं पन होती सायबांची एक चिठ्ठी. विहिरीसाठी. त्याच्यात बी ह्योच शबुद व्हता का वो?"

मला आठवेना, ताई. खरंच आठवेना. आपण दोघींनी किती लिहिल्या! पाचशे? हजार? त्यातली एक विहीर. मी म्हटलं, "माहीत नाही दगडूभाऊ." तो म्हणाला, "न्हवती झाली विहीर." एवढंच. कागद त्याने बरोबर घेतला नाही. टेबलावर ठेवून दिला.

उठताना विचारलं त्याने, "तुमी कवा येणार?" मी म्हटलं, मागाहून. त्याला लिहितावाचता येत नाही, पण माणूस वाचता येतो. म्हणाला, "पासपोर्ट न्हाय व्हय तुमचा?"  मग दारातून मागे वळून म्हणाला, "कागद द्या एक. तुमच्या नावाचा. पोचवतो."

धनंजय शनिवारी येईल. दारातून आत आल्यावर त्याला कपाट दिसेल. झाकायला काही नाही, पडदा लावून बघितला, हास्यास्पद दिसतं. खैरुन्निसा म्हणते, आमच्याकडे येऊन राहा. जाईन. पण ती पलीकडच्याच दारात राहते, आणि मुक्ताची शाळा त्याला माहीत आहे, आणि पासपोर्टशिवाय मी इथे कुणीच नाही. भीती वाटते. खूप वाटते, ताई.  जमलं तर त्याच्या कोटाचा आतला खिसा बघ. तो अंघोळीला कोट नेणार नाही, किल्लीच नेईल. नाही जमलं तर स्वतःला बोल लावू नकोस.

लेटरपॅडं आज जाळ. तो घरात असला तरी जाळ. बंबात घाल.

खाली दगडूची चिठ्ठी. साध्या कागदावर. आयुष्यात पहिली, जिच्यावर माझं नाव आहे.

समिधा


ती. संपदाताईस,

पत्रवाहक दगडू आपला माणूस आहे. त्याला आत घ्यावे, पाणी द्यावे, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐकावे. त्याच्या रानात विहीर व्हायची राहिली आहे. ती करावी.

अगत्याने.

समिधा

ता. क. माझं कुणी विचारलंच, तर सांग, यथायोग्य आहे.